शेअर विकले, पैसे आले, पण दिले नेमके कोणी? (क्लिअरिंग कॉर्पोरेशनबद्दल)

शापोरा

थोडे शेअर विकले. ऑर्डर बीएसईवर टाकली होती, कारण तिथे भाव पाच पैशांनी बरा दिसत होता. संध्याकाळी कॉन्ट्रॅक्ट नोट आली आणि तिच्यात खाली पे-इन/पे-आऊटच्या रकान्यात 'एनसीएल' असं लिहिलेलं. शोधलं तर ही निघाली एनएसई क्लिअरिंग लिमिटेड. म्हणजे व्यवहार एका बाजारात आणि हिशेब दुसऱ्याच बाजाराच्या कंपनीकडे?

म्हापशात ब्रोकरच्या फ्रँचायझीत जाऊन विचारलं, तर तिथला पोरगा म्हणतो, "पैसे आले ना खात्यात? मग झालं की." पैसे आले हे खरंच. पण समोर ज्याने ते शेअर घेतले त्याने पैसे बुडवले असते तर? आणि माझा ब्रोकरच बुडाला तर? हे दोन प्रश्न एकच आहेत की वेगळे, तेही मला कळत नाही. गोव्यात बसून मुंबईतल्या या यंत्रणेवर आपण डोळे झाकून विश्वास ठेवतो. जाणकारांनी जरा विस्कटून सांगावं.

अनुस्वार

दोन्ही प्रश्न पूर्ण वेगळे आहेत, आणि सगळा घोळ ते एकच समजण्यातून होतो. (फोंड्याला सीए आहे. ग्राहकांचे शेअरचे हिशेब बघावे लागतात म्हणून एवढं माहीत.)

आधी एनसीएल. जून २०१९ पासून आपल्याकडे क्लिअरिंग कॉर्पोरेशन्समध्ये इंटरऑपरेबिलिटी आली. तेव्हापासून ब्रोकरने एकच कॉर्पोरेशन निवडायची आणि सगळ्या एक्स्चेंजवरचे व्यवहार तिथे आणायचे. बीएसईची स्वतःची आहे, इंडियन क्लिअरिंग कॉर्पोरेशन म्हणजे आयसीसीएल. तुमच्या ब्रोकरने एनएसईची निवडलीय, एवढंच. फायदा असा की एका बाजारात घेतलं आणि दुसऱ्यात विकलं तरी हिशेब एकत्र होतो, मार्जिन (सौद्यासाठी आगाऊ ठेवायचं तारण) दोन्हीकडे अडकत नाही.

आता मूळ मुद्दा. तुम्ही शेअर विकलेत ते 'समोरच्या कोणाला' विकले असं तुम्हाला वाटतं. सौदा जुळला त्या क्षणापुरतं ते खरं. त्यानंतर क्लिअरिंग कॉर्पोरेशन मध्ये शिरते आणि एका सौद्याचे दोन होतात: तुमच्या बाजूची विक्री तिला, आणि घेणाऱ्याची खरेदी तिच्याकडून. याला नॉव्हेशन म्हणतात. मूळ घेणारा कोण होता याच्याशी तुमचा संबंध संपला. त्याने पैसे बुडवले तर ते कॉर्पोरेशनचे बुडाले, तुम्हाला ती देणारच.

आणि दिवसभराचे सौदे एकेक करून फेडले जात नाहीत. समजा एका सभासदाने (म्हणजे कॉर्पोरेशनशी थेट हिशेब करणाऱ्या ब्रोकरने) एका कंपनीचे १०,००० शेअर घेतले आणि ९,२०० विकले, तर त्याला फक्त ८०० शेअर मिळायचे आणि तेवढ्याच फरकाचे पैसे द्यायचे. शेकडो सभासद आणि लाखो सौदे, पण शेवटी प्रत्येकाचं एका कंपनीच्या शेअरपुरतं कॉर्पोरेशनशी एकच देणं किंवा घेणं उरतं. आज विकलं आणि उद्या पैसे, हे टी+१ यामुळेच जमतं. २७ जानेवारी २०२३ पासून सगळे शेअर टी+१ वर आले.

तिस्कावरचा

ताई, छान सांगितलंत. पण ही हमी फुकट मिळत नाही हेही सांगा ना. आम्ही एफ अँड ओ (फ्युचर्स-ऑप्शन्स) वाले ती मार्जिनच्या रूपाने रोज मोजतो. नोव्हेंबर २०२४ पासून एक्स्पायरीच्या (मुदत संपण्याच्या) दिवशी शॉर्ट, म्हणजे विकलेल्या, इंडेक्स ऑप्शनवर २ टक्के जादा मार्जिन. त्याआधी पीक मार्जिनचं (दिवसातल्या सगळ्यात मोठ्या सौद्यावर मार्जिन मोजायचं) लफडं होतंच. सकाळी ऑर्डर टाकायला जावं तर 'इनसफिशियंट फंड्स'. सेबीला लहान माणसाने बाजारात राहावं असं वाटतच नाही.

जुना ट्रेझरीवाला

तिस्कावरचा, मार्जिनचा राग समजतो. पण मार्जिन नसलेला बाजार कसा असतो तो मी पाहिलाय. एका बँकेच्या ट्रेझरीत मुंबईत नोकरी केली, निवृत्त होऊन आता पणजीत असतो. म्हणून थोडं लांबण लावतो.

१९९२ पूर्वी सरकारी रोख्यांचे सौदे फोनवर व्हायचे. मध्ये दलाल. रोखे हातात नसले तर विकणारी बँक 'बँक रिसीट' द्यायची, म्हणजे 'रोखे आहेत, नंतर देतो' असा कागद. काही रिसीटींच्या मागे रोखेच नव्हते. हर्षद मेहता प्रकरणात बँकांचा पैसा शेअर बाजारात गेला तो याच फटीतून. लोकांना त्यातली श्रीमंती आणि गाडी आठवते. प्लंबिंग कोणाला आठवत नाही, आणि घोटाळा प्लंबिंगमध्येच होता. प्रत्येक बँकेला प्रत्येक दुसऱ्या बँकेवर आणि मधल्या दलालावर विश्वास ठेवावा लागत होता. सगळ्यांचं एकूण देणं-घेणं एका ठिकाणी दिसेल अशी जागाच नव्हती.

आम्ही एसजीएल फॉर्म (रोखे दुसऱ्याच्या खात्यात वळते करायचा) भरून रिझर्व्ह बँकेत पाठवायचो. खात्यात रोखे कमी असले की फॉर्म 'बाउन्स'. आज हे सांगितलं तर पोरांना गंमत वाटते.

क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, म्हणजे सीसीआयएल, २००१ मध्ये स्थापन झाली आणि फेब्रुवारी २००२ पासून रोख्यांचे सौदे तिच्यामार्फत फिटू लागले. त्याच वर्षी नोव्हेंबरात डॉलर-रुपयाचे सौदेही आले. यानंतर आमच्या डीलिंग रूमचं वातावरणच बदललं. आधी भाव विचारण्यापूर्वी समोर कुठली बँक आहे हे बघायचो. नाव लहान असेल तर मर्यादा संपलीय म्हणून बरा भाव सोडून द्यायचो. २००५ मध्ये एनडीएस-ओएम, म्हणजे रोख्यांचे सौदे स्क्रीनवर जुळवणारी यंत्रणा, आली, तिथे तर समोरच्याचं नावच दिसत नाही. सौदा झाला की समोर सीसीआयएल. लहान सहकारी बँकेलाही मोठीच्या बरोबरीने भाव मिळू लागला. मला विचाराल तर यंत्रणेचा खरा उपकार हा. बुडीत टाळणं नंतर येतं.

शेअर बाजारात हेच काम त्याआधीच सुरू झालं होतं. एनएससीसीएल (आजची एनएसई क्लिअरिंग) १९९५ ची, आणि १९९६ पासून तिने क्लिअरिंग सुरू केलं.

मोगरें

वाचतेय. काका, 'प्लंबिंग' पटलं. पुढे लिहा.

आगरवाडो

लेख म्हणून ठीक आहे, पण मला हे सगळं आमच्या वाड्यावरच्या भिशीसारखं वाटतं. दहा जणांची भिशी, एकाने हप्ता बुडवला तर चालवणारा भरतो, म्हणून सगळे खुशीत. मग एके दिवशी तिघं एकदम बुडवतात आणि चालवणारा बांद्याच्या पलीकडे गायब. धोका तर कमी झाला नाही, एका माणसावर गोळा झाला.

आणि हमीचं नाव काढता तर २०१३ ची एनएसईएल आठवा. नॅशनल स्पॉट एक्स्चेंज. तेही म्हणत होते की आमची हमी आहे, सेटलमेंट गॅरंटी फंड आहे. शेवटी ५,६०० कोटी अडकले आणि गोदामात मालच नाही. माझ्या ओळखीचे दोघे ट्रकवाले खाण बंद झाल्यावर ट्रक विकून आलेला पैसा 'पक्का १४ टक्के' म्हणून असल्या कुठल्यातरी योजनेत घालणार होते, देवाने वाचवलं.

अनुस्वार

आगरवाडो, धोका गोळा होतो हे शंभर टक्के मान्य. पण तुमच्या भिशीवाल्याकडे दोन गोष्टी नसतात. कॉर्पोरेशन आगाऊ तारण घेते, आणि तोटा रोजच्या रोज वसूल करते. फ्युचर्समध्ये आज संध्याकाळी तोटा दिसला की उद्या सकाळी बाजार उघडण्यापूर्वी पैसे भरायचे. उधारी साचूच देत नाहीत. दिवसाच्या मध्येही सभासदाची मार्जिन संपत आली की त्याच्या टर्मिनलवर बंधनं येतात.

सभासद बुडालाच तर पैसे कुठून काढायचे याचा क्रम ठरलेला असतो, बाजारात त्याला 'वॉटरफॉल' म्हणतात. आधी बुडालेल्याचंच मार्जिन आणि ठेवी. मग कॉर्पोरेशनचा स्वतःचा थोडा पैसा, म्हणजे तिलाही चटका बसतो. नंतर कोअर सेटलमेंट गॅरंटी फंड. सेबीच्या २०१४ च्या नियमाप्रमाणे त्या फंडात किमान निम्मा वाटा कॉर्पोरेशनचा, किमान २५ टक्के एक्स्चेंजचा, आणि सभासदांकडून जास्तीत जास्त २५ टक्के. एनएसईचा हा फंड आता १० हजार कोटींच्या पुढे आहे.

एनएसईएलमध्ये वेगळी क्लिअरिंग कॉर्पोरेशन नव्हतीच. सौदे चालवणारा, गोदाम सांभाळल्याचं सांगणारा आणि हमी देणारा, तिन्ही एकच. टी+२ ला घ्या आणि टी+२५ ला विका अशा जोडसौद्यांवर ठरीव परतावा, म्हणजे मुळात ते कर्जच होतं. त्यानंतर फॉरवर्ड मार्केट्स कमिशन, म्हणजे कमॉडिटी बाजाराचं नियामक, २०१५ मध्ये सेबीत विलीन झालं, आणि कमॉडिटी एक्स्चेंजांना वेगळ्या क्लिअरिंग कॉर्पोरेशनकडे जावं लागलं. एमसीएक्सची (मल्टी कमॉडिटी एक्स्चेंज) २०१८ मध्ये सुरू झाली.

बोगदा

कमॉडिटीचा विषय निघाला म्हणून: २० एप्रिल २०२०. वास्कोला आमच्या बिल्डिंगमधला एक जण क्रूडमध्ये (कच्च्या तेलात) लॉंग होता, म्हणजे घेऊन बसला होता. लॉकडाऊनमुळे एमसीएक्स संध्याकाळी ५ ला बंद व्हायचं. बंद होताना भाव हजार रुपयांच्या आसपास. रात्री अमेरिकेत मे महिन्याचा कॉन्ट्रॅक्ट उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. आपला सौदा त्याच भावावर फिटायचा असल्यामुळे सेटलमेंट झाली उणे २,८८४ रुपयांना. एका लॉटमध्ये १०० बॅरल. म्हणजे लॉटमागे पावणेचार लाखांच्या वर तोटा, आणि बाजार बंद असल्यामुळे विकून बाहेर पडायची सोय नाही. त्याच्या खात्यात होतं त्या मार्जिनच्या हा तोटा कितीतरी पट.

तेव्हा कॉर्पोरेशनने काय केलं? ब्रोकरकडून पैसे मागितले. ब्रोकर ग्राहकांच्या मागे लागले, काही जण कोर्टात गेले. पण ज्यांनी शॉर्ट केलं होतं (आधी विकलं होतं) त्यांना त्यांचे पैसे मिळाले. म्हणून विचारतो: ही हमी नेमकी कोणाला?

अनुस्वार

बोगदा, तुमचा प्रश्न आणि शापोरांचा दुसरा प्रश्न एकच आहे. हमी सभासदाला. पूर्णविराम.

कॉर्पोरेशन ओळखते फक्त क्लिअरिंग मेंबरला. त्याच्या खाली ट्रेडिंग मेंबर म्हणजे ब्रोकर, त्याच्या खाली तुम्ही-आम्ही. वरच्या सभासदाचं देणं-घेणं ती पक्कं करते. ब्रोकरने तुमचे पैसे किंवा शेअर तुमच्यापर्यंत पोचवले की नाही, ही त्या हमीच्या बाहेरची गोष्ट.

२०१९ चं कार्वी प्रकरण आठवा. बाजाराचं सेटलमेंट एक दिवसही थांबलं नाही, सगळे सौदे वेळेत फिटले. गेलं ते ग्राहकांचं, कारण ब्रोकरने पॉवर ऑफ अटर्नी वापरून त्यांचे शेअर स्वतःच्या खात्यात घेऊन बँकांकडे गहाण टाकले. २,३०० कोटींच्या आसपासचे शेअर होते. क्लिअरिंग कॉर्पोरेशनच्या दृष्टीने सभासद पैसे भरतोय ना, बस्स.

त्यानंतरचे बदल मात्र खरोखर कामाचे आहेत. १ सप्टेंबर २०२० पासून मार्जिनसाठी शेअर द्यायचे तर ते तुमच्याच डीमॅटमध्ये राहतात, फक्त प्लेज (गहाण) होतात, आणि ओटीपी तुम्ही देता. मे २०२२ पासून ब्रोकरला प्रत्येक ग्राहकाचं कोलॅटरल (तारण) कॉर्पोरेशनला वेगवेगळं कळवावं लागतं, एकाचं तारण दुसऱ्याच्या सौद्याला वापरता येत नाही. विकत घेतलेले शेअर आता कॉर्पोरेशनकडून थेट तुमच्या डीमॅटमध्ये येतात, मध्ये ब्रोकरच्या खात्यात थांबत नाहीत. आणि कॅश सेगमेंटमध्ये यूपीआय ब्लॉकची सोय आहे. पैसे तुमच्या बँकेतच अडवून ठेवले जातात आणि कॉर्पोरेशन लागेल तेवढेच वळते करते, आयपीओच्या अर्जात होतं तसं. मोठ्या ब्रोकरना फेब्रुवारी २०२५ पासून ही सोय किंवा थ्री-इन-वन (बँक, डीमॅट आणि ट्रेडिंग एकत्र) खातं द्यावंच लागतं.

म्हणजे हमीची साखळी हळूहळू खाली, आपल्यापर्यंत आणायचा प्रयत्न चालू आहे. पण ब्रोकरकडे पडून राहिलेली रोकड अजूनही ब्रोकरकडेच पडून असते.

तिस्कावरचा

हे कधी कोणी सांगितलंच नव्हतं. मला वाटायचं एक्स्चेंजची हमी म्हणजे माझी हमी.

आगरवाडो

आता कळलं ना, फ्रँचायझीवाला पोरगा "झालं की" का म्हणाला ते. :)

पण माझा प्रश्न तसाच राहिला. चालवणारा स्वतः बुडाला तर? जगात कुठे झालंय का?

जुना ट्रेझरीवाला

झालंय, आणि त्याबद्दल कमी बोललं जातं. पॅरिसला १९७४ मध्ये साखरेच्या सट्ट्यात तिथलं क्लिअरिंग हाऊस बंद पडलं. क्वालालंपूरला १९८३ मध्ये पामतेलात तेच. हाँगकाँगला ऑक्टोबर १९८७ च्या पडझडीत फ्युचर्स बाजाराची हमी देणारी संस्था इतकी अडचणीत आली की बाजार चार दिवस बंद ठेवून सरकार आणि बँकांना मदतीचा पैसा उभा करावा लागला. तिन्ही ठिकाणी थोड्याफार फरकाने एकच आजार: भाव चढत असताना मार्जिन वाढवलं नाही, आणि काही मोजक्या सभासदांकडे अवाढव्य सौदे साचू दिले. मोठ्या गिऱ्हाइकाला दुखवायचं कोणाला नसतं.

उलट बाजूही सांगतो. सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स बुडाली तेव्हा लंडनच्या एलसीएच.क्लिअरनेटकडे तिचे ९ लाख कोटी डॉलर दर्शनी मूल्याचे व्याजदर स्वॅप (व्याजाच्या अदलाबदलीचे करार) होते, ६६ हजारांहून जास्त सौदे. त्यांनी बाजारातल्या इतर बँकांचे ट्रेडर बोलावून ते हेज केले (उलटे सौदे करून धोका कमी केला) आणि तुकड्यातुकड्यांनी लिलावात काढले. लेहमनच्या मार्जिनचा साधारण एक तृतीयांश खर्च झाला. दुसऱ्या सभासदाच्या खिशाला हात लागला नाही. हे बघूनच २००९ मध्ये पिट्सबर्गला जी-२० देशांनी ठरवलं की प्रमाणित डेरिव्हेटिव्ह सौदे सेंट्रल काउंटरपार्टीकडेच (म्हणजे अशा क्लिअरिंग संस्थेकडेच) यायला हवेत.

मधला प्रकार हवा असेल तर सप्टेंबर २०१८, नॅस्डॅक क्लिअरिंग, स्टॉकहोम. नॉर्वेचा एक एकटा ट्रेडर, विजेच्या भावांतल्या फरकावर खेळणारा. त्याचं मार्जिन संपून वर ११ कोटी ४० लाख युरोंचं भोक पडलं. त्यातले १० कोटी ७० लाख सभासदांच्या डिफॉल्ट फंडातून गेले, कॉर्पोरेशनच्या स्वतःच्या खिशातून फक्त ७० लाख. इतर सभासद चिडले, आणि बरोबर चिडले. एकाच माणसाला एवढा सौदा का करू दिला, आणि मग त्याचे सौदे विकायला लिलावात बोलावलेले जेमतेम चार-पाच जण का?

म्हणून आगरवाडो, तुमच्याशी मी निम्मा सहमत. धोका नाहीसा होत नाही. 'समोरचा बुडेल' या भीतीच्या जागी 'उद्या सकाळी नऊच्या आत रोकड आणा' ही भीती येते. भाव उसळले की सगळ्यांकडे एकाच वेळी मार्जिन मागितलं जातं, आणि तेव्हाच रोकड सगळ्यात महाग असते. तिस्कावरचा चिडतो ते २ टक्के याच हिशेबातले आहेत.

शापोरा

बापरे, धागा कुठच्या कुठे गेला, पण मजा येतेय. एक भाबडा प्रश्न: कॉर्पोरेशनचे पैसे सोडा, तिचे कॉम्प्युटर बंद पडले तर?

बोगदा

२४ फेब्रुवारी २०२१! एनएसई सकाळी ११:४० ला बंद पडली ती थेट पावणेचारला सुरू झाली, बाजार ५ पर्यंत वाढवला. कारण सौदे जुळवणारं मशीन नव्हतं. टेलिकॉमच्या लिंक गेल्या आणि क्लिअरिंगची रिस्क मॅनेजमेंट सिस्टिम मिळेनाशी झाली. मार्जिन मोजता येत नसेल तर सौदे होऊ देणं म्हणजे आंधळेपणा, म्हणून थांबवलं. आमच्याकडे त्या दिवशी सगळ्यांना वाटलं, वीज खात्याचीच कृपा.

जुना ट्रेझरीवाला

:) चांगली आठवण काढलीत. त्या दिवशी बऱ्याच ब्रोकरनी ग्राहकांचे सौदे बीएसईवर घाईघाईने कापले, आणि नंतर एनएसई पुन्हा उघडल्यावर भांडणं झाली. इंटरऑपरेबिलिटी असूनही आयत्या वेळी हिशेब दुसरीकडे नेणं जमलं नाही.

अवांतर: युरोपच्या एस्मा या नियामकाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सीसीआयएल, एनएसई क्लिअरिंग यांच्यासह सहा भारतीय कॉर्पोरेशन्सची मान्यता काढायचं जाहीर केलं. कारण आर्थिक कमकुवतपणा नव्हतं. त्यांना इथल्या संस्थांवर देखरेखीचा अधिकार हवा होता, आणि रिझर्व्ह बँक-सेबी म्हणाल्या, आमच्या संस्था आम्ही तपासू. या बाबतीत मी रिझर्व्ह बँकेच्या बाजूचा. बँक ऑफ इंग्लंडबरोबर मात्र डिसेंबर २०२३ मध्ये करार झाला.

मोगरें

माझ्यासारखीने, जी वर्षाला चार-दोन शेअर घेते, तिने यातलं काय करायचं? मराठीत, आणि थोडक्यात. :)

अनुस्वार

मोगरेंबाय, फार काही नाही. क्लिअरिंग कॉर्पोरेशन्सच्या वेबसाइटवर ग्राहकांसाठी पोर्टल आहे. ब्रोकरने तुमच्या नावावर किती कोलॅटरल कळवलंय ते तिथे दिसतं. ब्रोकरच्या ॲपवरच्या आकड्याशी ताडून बघा. आणि ब्रोकरकडची शिल्लक रोकड परत बँकेत पाठवायचं रनिंग अकाउंट सेटलमेंट तिमाही ठेवायचं की मासिक, हे खातं उघडताना विचारतात. बहुतेक जण न वाचता तिमाही करतात. मासिक करून घ्या, ॲपमध्येच बदलता येतं.

शापोरा

माझंही तिमाही निघालं. आत्ताच बदललं.